एक वीर, दोन पेशे

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर पात्रं पाचव्या लेव्हलला पोचली की खेळाची हवाच बदलते. तोवर लांडग्यांशी आणि गॉब्लिनांशी झुंजताना नाकी नऊ आलेली मंडळी एकदम दांडगी होतात. फायटरला एका पाळीत एकाऐवजी दोन वार मिळतात. विझर्डला फायरबॉल टाकता येतो. वीस फूट त्रिज्येत आग, सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८ डॅमेज. आणि नेमक्या याच वेळी, चार लेव्हल इमानेइतबारे तलवार चालवलेला एखादा खेळाडू म्हणतो, “माझी पाचवी लेव्हल मी विझर्डची घेतो. चालेल ना?”

खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, म्हणजे डीएमने, यावर काय म्हणावं? पन्नास वर्षं या एका प्रश्नावर वाद चालू आहे आणि खेळाच्या नियमपुस्तकांनीही आपलं उत्तर दर आवृत्तीत बदललेलं आहे. वाद बहुतेक वेळा ताकदीवरून होतो : दोन क्लासचं पात्र फार बलवान होतं, की उलट लुळंपांगळं होतं? माझ्या मते तो मुद्दा दुय्यम आहे. खरा प्रश्न वाट्याचा आहे. टेबलावर बसलेल्या पाचजणांपैकी कुणाच्या वाट्याला काय येणार, आणि एकाने दोन ताटं मांडून घेतली तर दुसऱ्याचं काय?

क्लास कशासाठी?

ज्यांनी हा खेळ फक्त ‘स्ट्रेंजर थिंग्ज’सारख्या मालिकेत पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच खेळाडू प्रत्येकी एक पात्र घेतात, डीएम त्यांच्यासमोर जग उभं करतो, पात्रं काय करतात ते खेळाडू बोलून सांगतात आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे फासा टाकला जातो. प्रत्येक पात्राचा एक क्लास असतो, म्हणजे पेशा. फायटर लढतो, विझर्ड मंत्र टाकतो, क्लेरिक देवाच्या कृपेने जखमा भरून काढतो, रोग कुलपं उघडतो आणि पाठीमागून वार करतो. अनुभवाचे गुण साठले की पात्राची लेव्हल वाढते आणि त्या क्लासची पुढची करामत हाती येते. पुढच्या लेव्हलला आपला पेशा सोडून दुसऱ्याच पेशाची पहिली पायरी चढणं म्हणजे मल्टिक्लास.

हा खेळ जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा या गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघंही टेबलावर छोट्या सैनिकमूर्ती मांडून लढाया खेळणारे. सैन्याऐवजी एकेक माणूस खेळवायचा, ही त्यांची नवी कल्पना. पहिल्या पुस्तिकांत क्लास तीनच होते : लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. रोगचा पूर्वज असलेला थीफ १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत आला.

गंमत अशी की ज्या कथांवर हा खेळ पोसला गेला त्यांतले नायक या खणांत बसत नाहीत. रॉबर्ट हॉवर्डचा कोनॅन योद्धाही आहे आणि चोरही. फ्रिट्झ लायबरचा ग्रे माउसर तलवारबाज, चोर आणि एका जादूगाराचा जुना शागीर्द. मायकेल मूरकॉकचा एल्रिक एका हाताने तलवार चालवतो आणि दुसरीकडे दैवी शक्तींना आवाहन करतो. टोल्किनचा गॅन्डाल्फ तर १९७४ च्या नियमांत सरळ नापास झाला असता. त्या नियमांत जादूगाराला खंजीर सोडून कुठलंही हत्यार धरायची मुभा नव्हती, आणि गॅन्डाल्फ ग्लॅमड्रिंग नावाची तलवार घेऊन लढतो.

मग लेखकांना जे सहज चालतं ते खेळात का अडवायचं? कारण कादंबरीत नायक एकच असतो. एल्रिकने तलवार आणि मंत्र दोन्ही गाजवले तरी त्याच्या मागे उभ्या असलेल्या सोबत्याची तक्रार येत नाही, कारण तो सोबती कागदावरचा आहे. टेबलावरचा सोबती रविवारची दुपार मोकळी काढून आलेला असतो. त्याने क्लेरिक घेतला असेल तर निदान दोनदा तरी सगळ्यांनी वळून त्याच्याकडे बघावं आणि म्हणावं, आता तूच वाचव. क्लास पात्राला काय येतं हे तर सांगतोच. शिवाय इतरांना त्या पात्राची गरज कधी पडणार हेही तो आधीच ठरवून ठेवतो. मल्टिक्लासवरच्या चर्चांत हे दुसरं काम बहुतेकदा विसरलं जातं.

किंमत कशात मोजायची?

मल्टिक्लासला पूर्ण बंदी मूळ खेळानेही घातलेली नव्हती. १९७४ च्या नियमांत एल्फ जमातीच्या पात्राला लढवय्या आणि जादूगार दोन्ही होता येत असे. अट एवढीच की एका मोहिमेत एकच. पेशा बदलायचा तर पुढच्या मोहिमेला. शिवाय लढवय्या म्हणून चौथ्या आणि जादूगार म्हणून आठव्या लेव्हलच्या पुढे त्याला जाता येत नसे. मुभा आहे, पण फुकट नाही. तेव्हापासून आजवरच्या प्रत्येक आवृत्तीने मुभा दिलीच आहे. बदलत गेलं ते एवढंच की तिची किंमत कशात घ्यायची.

१९७८ च्या ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्तीने दोन वेगळे रस्ते केले. एल्फ, ड्वार्फ वगैरे जमातींना सुरुवातीपासून दोन-तीन क्लास एकदम घेता येत. मिळालेला अनुभव सगळ्या क्लासांत समान वाटला जाई. माणूस जमातीला हे बंद. त्यांच्यासाठी दुसरा रस्ता : जुना क्लास कायमचा थांबवून नवा शून्यापासून सुरू करायचा. त्यासाठी जुन्या क्लासच्या मुख्य गुणात (ताकद, बुद्धी वगैरे) किमान १५ आणि नव्याच्या मुख्य गुणात किमान १७ हवेत. आणि नवी लेव्हल जुन्या लेव्हलच्या पुढे जाईपर्यंत जुन्या विद्येला हात लावायचा नाही. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर मोह अनावर होऊन जुनी विद्या वापरली की त्या चकमकीचा अनुभव साफ बुडे आणि अख्ख्या मोहिमेचा निम्मा होई. सातव्या लेव्हलचा तलवारबहाद्दर जादू शिकायला बसला, समोर ऑर्क चालून येतोय, तलवार कमरेला आहे आणि ती उपसणं परवडत नाही. या नियमाला कितीही नावं ठेवा, पेशा बदलणाऱ्या माणसाची कुचंबणा त्याने चांगली पकडली होती.

१९७८ च्या पुस्तकातला बार्ड, म्हणजे भाट, तर त्या काळच्या विचाराचं टोक आहे. आधी फायटर, मग थीफ, मग ड्रुइडांची शागिर्दी, आणि या सगळ्या येरझारा घातल्यावर कुठे बार्ड. हा क्लास पुस्तकाच्या परिशिष्टात छापलेला होता. बहुतेकांनी तो वाचून मिटून ठेवला असावा.

समान वाटणीचा नियम दिसायला कडक, पण त्याचं गणित मांडलं की वेगळंच निघतं. दुसऱ्या आवृत्तीत फायटरला सहावी लेव्हल ३२,००० गुणांवर आणि सातवी ६४,००० वर मिळे. जादूगाराला पाचवी २०,००० वर, सहावी ४०,००० वर आणि सातवी ६०,००० वर. आता एकाच पार्टीत, म्हणजे पात्रांच्या चमूत, प्रत्येकाने ६४,००० गुण कमावले आहेत असं धरा. नुसता फायटर सातव्या लेव्हलला, नुसता जादूगारही सातव्या. आणि फायटर-जादूगार एल्फ? त्याचे ३२,००० इकडे, ३२,००० तिकडे. म्हणजे फायटर सहावी, जादूगार पाचवी. गुण निम्मे होऊनही पात्र एक-दोन पायऱ्याच मागे, कारण या टप्प्यावर पुढची लेव्हल जवळपास दुप्पट महाग होत जाते. पाचव्या लेव्हलचा जादूगार फायरबॉल टाकतो. तेव्हा हा एल्फ सहाव्या लेव्हलच्या हिमतीने लढणार आणि वर फायरबॉलही टाकणार.

याची भरपाई नियमांनी दुसरीकडे केली होती. माणूस सोडून इतर जमातींना वरच्या लेव्हलची मर्यादा होती, आणि एका क्लासची मर्यादा गाठल्यावरही अनुभवाची वाटणी चालूच राही, म्हणजे निम्मे गुण वाया. हिशेब बरोबर होता, पण वसुली फार उशिराची. चैन पहिल्या लेव्हलपासून आणि दंड दहाव्या-बाराव्या लेव्हलनंतर. पुष्कळ कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारे खेळ, त्याच्या आतच कुणाची बदली, कुणाचं लग्न, कुणाची परीक्षा अशा कारणांनी बंद पडतात. मग फायदा तेवढा उरतो.

या बाबतीत मला जास्त प्रामाणिक वाटते ती १९८१ ची साधी ‘बेसिक’ आवृत्ती. तिथे एल्फ हाच एक क्लास होता. तो लढतो आणि मंत्रही टाकतो. दुसऱ्या लेव्हलसाठी फायटरला २,००० गुण लागत, जादूगाराला २,५०० आणि एल्फला ४,०००. किंमत पहिल्याच पानावर, रोख. कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

लेव्हलचा बाजार

१९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने मूळ कंपनी टीएसआर विकत घेतली आणि २००० साली तिसरी आवृत्ती आणली. तिने सगळ्या भिंती पाडल्या. सर्व क्लासांना अनुभवाचा तक्ता एकच, सर्व जमातींना सर्व क्लास खुले, आणि प्रत्येक लेव्हलला हवा तो क्लास घ्या. दोन क्लासांच्या लेव्हलींत फार तफावत पडली तर अनुभवात २० टक्के कपात, एवढाच काय तो धाक.

हे स्वातंत्र्य मोहक होतं आणि त्यात दोन उलट्या दिशांचे दोष निघाले. पहिला बघा. या आवृत्तीत विष किंवा आजार पचवायचा फासा टाकताना क्लासवरून बोनस मिळे. फायटर, रेंजर, बार्बेरियन या तिघांनाही पहिल्याच लेव्हलला +२. तीन लेव्हल नुसत्या फायटरच्या घेतल्या तर बोनस +३. पण तिन्ही क्लासांची एकेक लेव्हल घेतली तर +२, +२, +२, म्हणजे +६. लढाईची हातोटी दोघांची सारखीच, आणि तिन्ही क्लास समसमान असल्यामुळे कपातही लागू नाही. तीन दारांवर उंबरठ्यापर्यंत जाऊन आलेला माणूस एका घरात मुरलेल्यापेक्षा दुप्पट कणखर ठरला. अशा एका लेव्हलपुरत्या डुबकीला खेळाडूंच्या बोलीत ‘डिप’ म्हणतात.

दुसरा दोष याच्या अगदी उलटा. दहाव्या लेव्हलचा नुसता विझर्ड पाचव्या श्रेणीचे मंत्र टाकतो, क्षणात शेकडो मैल दूर जाऊ शकतो. पाच लेव्हल फायटर आणि पाच लेव्हल विझर्ड घेतलेला मात्र तिसऱ्या श्रेणीवर अडकलेला, आणि लढाईचा त्याचा बोनस फायटरच्या +१० च्या समोर +७. समोरचा राक्षस दहाव्या लेव्हलच्या बेताचा, आणि हा दोन्ही कामांत अर्धाकच्चा. एक ना धड, भाराभर चिंध्या. जुन्या वाटणीत लेव्हल महाग होत जात असल्यामुळे मागे पडणं थोडक्यावर निभावे. एकसारख्या तक्त्यात ते पूर्ण भोगावं लागलं. २००३ च्या सुधारित आवृत्तीत एल्ड्रिच नाइट आणि मिस्टिक थिअर्ज असे खास जोडक्लास आले ते या अर्ध्याकच्च्यांची सोय लावायला.

म्हणजे एकाच नियमाने हिशेबी खेळाडूला अवाच्या सवा दिलं आणि ज्याला मनापासून ‘तलवारबाज जादूगार’ खेळायचा होता त्याची फसगत केली. मल्टिक्लासने पात्र बलवान होतं की दुबळं, या वादात दोन्ही बाजू आपापल्या अनुभवाने बोलत असतात आणि दोन्ही खऱ्या असतात. नियम कुणाच्या हाती पडला यावर सगळं अवलंबून.

यानंतरच्या आवृत्त्या सावध झाल्या. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत दुसऱ्या क्लासची चव फक्त एका ‘फीट’च्या, म्हणजे निवडून घ्यायच्या खास कसबाच्या, मोबदल्यात मिळे, लेव्हली सगळ्या मूळ क्लासच्याच. पायझो कंपनीच्या पाथफाइंडर या भावंड-खेळाने २००९ मध्ये दंडाऐवजी बक्षीस ठेवलं : आपल्या पसंतीच्या क्लासमध्ये टिकून राहा, दर लेव्हलला थोडी जास्त प्राणशक्ती किंवा कौशल्य घ्या. २०१९ मध्ये पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीने आणखी नेटका तोडगा काढला. मूळ क्लास कधीच सुटत नाही. दुसरा क्लास हवा तर स्वतःच्या क्लासच्या करामती सोडून त्यांच्या जागी त्याच्या घ्यायच्या, आणि एकदा त्या वाटेला लागलं की तिथल्या आणखी दोन करामती शिकल्याशिवाय तिसऱ्या क्लासकडे वळायचं नाही. डुबकी मारून पळता येत नाही. थोडं पोहावंच लागतं.

आजचा खेळ, आजच्या पळवाटा

सध्या सगळ्यांत जास्त खेळली जाते ती पाचवी आवृत्ती. तिच्या २०१४ च्या पुस्तकात मल्टिक्लास ऐच्छिक नियम म्हणून छापला होता. डीएमची परवानगी असेल तरच. अट अशी की जुन्या आणि नव्या दोन्ही क्लासच्या मुख्य गुणात किमान १३ हवेत.

आता सुरुवातीच्या त्या फायटरचा हिशेब करू. त्याला विझर्ड व्हायचं तर बुद्धी १३ हवी. फायटर सहसा सगळा जोर ताकदीवर आणि काटकपणावर लावतो, बुद्धीला ८ किंवा १० उरतात. म्हणजे बरेचजण इथेच अडतात. समजा त्याने १३ ठेवले आहेत. पाचव्या लेव्हलला त्याला तीन छोटे मंत्र मिळतील, पहिल्या श्रेणीचे सहा मंत्र लिहिलेली वही मिळेल आणि दिवसातून दोनदा ते वापरता येतील. त्या बदल्यात दुसरा वार पुढे ढकलला गेला. शेजारचा बार्बेरियन दोनदा घाव घालतोय आणि हा एकदाच. फायरबॉलसाठी विझर्डच्याच पाच लेव्हल हव्यात, म्हणजे एकूण नववी. तोवर दोन डगरींवर पाय. अशा खेळाडूला ‘नाही’ म्हणण्यापेक्षा हा हिशेब कागदावर मांडून दाखवणं जास्त उपकाराचं. त्याला बहुधा फायटरचाच एल्ड्रिच नाइट हा उपवर्ग हवा असतो, ज्यात वार न गमावता थोडी जादू येते. तिसऱ्या लेव्हलला दुसराच उपवर्ग निवडून बसला असेल तर तो बदलू देणं डीएमच्या हातात आहे, आणि त्यात कुणाचं काही जात नाही.

उलट दिशेचे खेळाडू हिशेब स्वतःच करून आलेले असतात. २०१४ च्या नियमांत पॅलाडिन आपल्या तलवारीच्या घावात मंत्रशक्ती ओतून जादा डॅमेज करू शके. ती शक्ती कुठल्या क्लासकडून आली याला बंधन नव्हतं. म्हणून पॅलाडिनला सॉर्सररची जोड देऊन मंत्रशक्तीची टाकी मोठी करायची. २०१७ च्या ‘झॅनथार्स गाइड’मधला हेक्सब्लेड हा वॉरलॉकचा उपवर्ग पहिल्याच लेव्हलला व्यक्तिमत्त्वाच्या गुणावर तलवार चालवू देत असे, मग पॅलाडिनने एक लेव्हल तिथली घेतली की ताकद वाढवायची गरजच कमी. विझर्डने फायटरच्या दोन लेव्हल घेतल्या की फायटरची जादा कृती हाती येऊन एका पाळीत दोन फायरबॉल.

या सगळ्यांचा शिरोमणी म्हणजे ‘कॉफीलॉक’. वॉरलॉकची मंत्रशक्ती तासाभराच्या विश्रांतीनंतर परत भरते; सॉर्सररला मंत्रशक्ती मोडून गुणांत आणि गुण मोडून पुन्हा मंत्रशक्तीत बदलता येतात. दोन्ही क्लास एकत्र केले की दर तासाला थोडं थोडं साठवत राहायचं. साठा संपतो तो रात्रभराच्या झोपेनंतर. म्हणून हे पात्र झोपतच नाही. नियमांच्या अक्षराला कुठे धक्का नाही आणि तरी खेळाच्या बुडाला भोक पडलेलं. ‘झॅनथार्स गाइड’ने यावर उतारा दिला : चोवीस तासांत एकदा पुरी विश्रांती घेतली नाही तर काटकपणाचा फासा टाका, नापास झालात तर थकवा, आणि रोज फासा अवघड होत जाणार.

२०२४ च्या सुधारित पुस्तकाने बऱ्याच पळवाटा मुळातच बुजवल्या. सगळ्या क्लासांचे उपवर्ग आता तिसऱ्या लेव्हलला मिळतात, त्यामुळे एका लेव्हलच्या डुबकीत मोठं घबाड हाती लागत नाही. पॅलाडिनचा तो घाव आता स्वतंत्र मंत्र झाला आहे आणि एका पाळीत एकदाच जमतो. फायटरच्या जादा कृतीत मंत्र टाकायला बंदी आली. नियम रचणाऱ्यांनी मल्टिक्लास होणारच असं धरून क्लास घडवायला सुरुवात केली, ही यातली महत्त्वाची गोष्ट.

कुणाचं काय जातं?

पळवाटा बुजल्या तरी वाट्याचा प्रश्न सुटत नाही, कारण तो नियमांत नाहीच. दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत.

‘बाल्डर्स गेट ३’ हा बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने २०२३ मध्ये आणलेला व्हिडिओ गेम याच पाचव्या आवृत्तीवर बेतलेला आहे. त्यात मल्टिक्लासला १३ गुणांचीही अट नाही, आणि विदर्स नावाच्या पात्राला १०० सुवर्णनाणी दिली की अख्खं पात्र मोडून नव्याने घडवता येतं. एवढी मोकळीक असूनही एकट्याने खेळताना कुणाचं काहीच बिघडत नाही. सोबती संगणकातले. सगळ्या करामती तुम्ही एकट्याने केल्या तर कुणी हिरमुसून फोन बघत बसत नाही. गंमत म्हणजे त्यातल्या सर्वांत सोप्या पातळीवर मल्टिक्लास बंद ठेवलेला आहे. नवख्याला आधी एक क्लास नीट कळू दे, हा त्यामागचा शहाणपणा टेबलावरही लागू पडतो.

दुसरं उदाहरण ‘क्रिटिकल रोल’चं. अभिनेते मिळून हा खेळ खेळतात आणि २०१५ पासून जग तो बघतं. त्यातला वॅक्सिल्डन हा रोग. एका थडग्यातल्या सापळ्यात त्याची जुळी बहीण मरते आणि तिला परत आणण्यासाठी तो मृत्यूची देवता असलेल्या रेव्हन क्वीनपुढे स्वतःला देऊ करतो. त्यानंतर त्याने पॅलाडिनच्या लेव्हली घेतल्या, त्याच देवतेच्या सेवेतल्या. इथे दुसरा क्लास कथेने त्याच्या गळ्यात घातला. टेबलावरच्या प्रत्येकाने तो क्षण पाहिलेला होता, त्यामुळे त्या लेव्हलींत सगळ्यांची भागीदारी होती.

मला दोन्हींतून एकच गोष्ट दिसते. दुसरा क्लास इतरांना काहीतरी देऊन जातो की इतरांकडून काहीतरी काढून घेतो, हे बघावं. पार्टीत आधीच रोग असताना विझर्डने रोगच्या दोन लेव्हल घेऊन कुलपं उघडायला सुरुवात केली, तर डॅमेजच्या तक्त्यात काही फरक पडणार नाही; पण ज्याने तेवढ्यासाठी रोग घेतला होता त्याची जागा गेली. उलट पार्टीत जखमा बऱ्या करणारं कुणीच नसताना फायटरने क्लेरिकच्या दोन लेव्हल घेतल्या, तर पात्र कमकुवत होऊनही टेबल त्याला दुवा देईल.

मग ठरवायचं कसं?

पहिली कसोटी माणसांची संख्या. दोन-तीन खेळाडूंच्या टेबलावर मल्टिक्लास खुशाल द्यावा, किंबहुना सुचवावा. तीन माणसांत पाच कामं भागवायची असतात, तिथे कुणाच्या हद्दीत कुणी शिरत नाही. पाच-सहा खेळाडू असतील तर बहुतेक कामांना धनी आहे. तिथे परवानगी देण्याआधी ज्याच्या कामावर आक्रमण होईल त्याला विचारावं. डीएमच्या होकारापेक्षा त्याचा होकार मोलाचा.

दुसरी कसोटी मुदतीची. पुण्या-मुंबईत कॅफेत किंवा कुणाच्या हॉलमध्ये जमणारे नवे गट बहुतेक एका बैठकीचे किंवा पाच-सहा बैठकांचे खेळ खेळतात. एवढ्या काळात पात्रं तिसऱ्या-चौथ्या लेव्हलच्या पुढे सरकत नाहीत. तिथे मल्टिक्लासची किंमत तेवढी भरावी लागते, फळ हाती येईपर्यंत खेळ संपलेला असतो. शिवाय पहिलाच क्लास नीट उमगलेला नसताना दुसऱ्याची कार्डं समोर आली की प्रत्येक पाळीला पाच मिनिटं कागद चाळण्यात जातात आणि बाकीचे चहा मागवतात. नवख्यांना आणि छोट्या खेळांना सरळ नाही म्हणावं. लांबचा पल्ला असेल तर हो म्हणायला जागा आहे.

तिसरी कसोटी पुढच्या वाटचालीची. “ही लेव्हल का?” असं विचारलं की हुशार खेळाडू तासाभरात अनाथपणाची एक करुण कहाणी रचून आणतो, तेव्हा कारण विचारण्यात अर्थ नाही. विचारावं ते असं : पुढच्या तीन लेव्हल कुठल्या घेणार? ज्याला त्या दुसऱ्या पेशात खरंच रस आहे तो तिथे मुक्काम करणार असतो. ज्याला डुबकी मारून परत यायचं आहे त्याचं उत्तर तिसऱ्याच क्लासकडे निघालेलं असतं. त्यालाही परवानगी द्यायला हरकत नाही, जर टेबलावरचे सगळेच तसे हिशेबी असतील. पात्रं तासणं हाच काही गटांचा अर्धा आनंद असतो, आणि त्यात वाईट काही नाही. गोची होते ती एकजण तासून आलेला आणि बाकीचे कथा खेळायला आलेले असतात तेव्हा.

एक गोष्ट मात्र आधी करावी. मल्टिक्लासबद्दलचं धोरण पहिल्या बैठकीआधी सांगून टाकावं, कारण पाचव्या लेव्हलला पोचल्यावर दिलेला नकार नियम म्हणून ऐकला जात नाही, तो व्यक्तिगत लागतो. आणि दिलेली परवानगी मागे घ्यायची वाटही उघडी ठेवावी. दोन-तीन बैठकांत खेळाडूला पस्तावा झाला तर ती लेव्हल पुसून जुन्या क्लासची देऊन टाकावी. शंभर सुवर्णनाणी घेतली तरी चालतील.

माझं स्वतःचं माप होकाराकडे झुकतं. ज्या खेळाचे आदर्श कोनॅन आणि ग्रे माउसर आहेत त्याने माणसाला जन्मभर एकाच खणात कोंडावं, हे काही पटत नाही. पण हा होकार एकट्या खेळाडूला द्यायचा नसतो. दुसरा पेशा घेणाऱ्याने त्याची किंमत स्वतःच्या लेव्हलींत मोजली, शेजाऱ्याच्या वाट्यातून नाही, एवढं टेबलाने मिळून पाहिलं की नियमपुस्तक कुठल्या आवृत्तीचं आहे याने फारसा फरक पडत नाही.